दोनदा भरलेली भेग तिसऱ्यांदा का उघडते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर साठेक वर्षांचं, भिंती विटांच्या, वर काँक्रीटचा स्लॅब. हॉलमध्ये दाराच्या वरच्या कोपऱ्यातून छताकडे तिरकी भेग गेली आहे. तीन वर्षांत दोनदा पुट्टी भरून रंग दिला आणि दोन्ही वेळा ती त्याच जागी उघडली. शिवाय स्लॅबच्या खाली भिंतीच्या लांबीभर आडवी रेघ आहे आणि आतल्या खोलीत जाळीसारख्या बारीक चिरा आहेत. यावर सगळ्यात चांगलं मटेरियल कोणतं, असं तुम्ही विचारलंय.

मटेरियलचं ओघात सांगतो. तुमची पुट्टी बहुधा चांगलीच होती. भेगेच्या दोन्ही कडा अजून हलताहेत आणि सुकलेली पुट्टी खडूच्या जातीची असते, तिला ओढलं की ती तुटते. हिशोब करून बघा. अर्ध्या मिलिमीटरची भेग पाव मिलिमीटरने उघडली, तर आत भरलेल्या मालाला स्वतःच्या रुंदीच्या निम्म्याने लांबावं लागतं. एवढं लांबणारा कडक माल अजून कुणी बनवलेला नाही, कितीही महाग घ्या. म्हणून भेग हलते का, किती आणि कधी, हे कळल्याशिवाय तिसऱ्यांदा पत्रा (पुट्टी लावायची पाती) हातात घेऊ नका.

त्यासाठी आधी पेन्सिल. भेग नजरेला जिथे संपते तिथे, दोन्ही टोकांना, छोटी आडवी रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. मग भेग सगळ्यात रुंद असेल तिथे तिच्या दोन बाजूंना एकेक बारीक स्क्रू बसवा, डोकी थोडी बाहेर ठेवून, साधारण पाच सेंटिमीटर अंतरावर. एका बाजूला तिसरा स्क्रू लावून त्रिकोण केलात तर भेग उघडते आहे की भिंतीचा एक भाग खाली सरकतो आहे, तेही कळेल. महिन्यातून एकदा, शक्यतो दिवसाच्या एकाच वेळी, व्हर्नियर कॅलिपरने डोक्यांमधलं अंतर मोजून वहीत टिपा. वेळ एकच ठेवा, कारण दुपारचा तापलेला स्लॅब आणि पहाटेचा थंड स्लॅब यांची लांबी वेगळी असते. पूर्वी आम्ही भेगेवर काचेची पट्टी चिकटवायचो. ती तडकली की भिंत हलली एवढं समजायचं, पण किती हलली ते समजायचं नाही. स्क्रू बरे. ओला आणि कोरडा असे दोन्ही ऋतू या मोजणीत यायला हवेत, म्हणजे खरं तर वर्ष. निदान सहा महिने तरी द्या.

मोजणी चालू असताना भेगेच्या आत बघा. बॅटरी भिंतीला लागून तिरकी धरा आणि भिंग घ्या. जुन्या भेगेत धूळ, कोळिष्टकं, कडा बोथट झालेल्या. ताज्या भेगेच्या कडा धारदार आणि आतून स्वच्छ. माझी आवडती खूण रंगाची. रंगाचे थर नखाने सोलून बघा. चार थरांपूर्वीचा हिरवा रंग भेगेच्या आत ओघळलेला दिसला, तर तो देताना भेग तिथे होतीच. घरात कुणाला तरी आठवत असतं की हिरवा रंग कधी दिला होता. भेगेचं किमान वय असं फुकटात मिळतं.

मग भिंतीच्या पलीकडे जा. दाराच्या चौकटीपासून मोजून त्याच जागी दुसऱ्या बाजूलाही भेग असेल, तर वीटकाम फुटलं आहे. नसेल तर बहुधा गिलाव्यापुरतं प्रकरण आहे. बोटाच्या पेराने ठोकत भेगेच्या दोन्ही अंगांना वीतभर फिरा. भरीव ठणक आली तर गिलावा विटेला धरून आहे. ढब् असा पोकळ आवाज आला तर तो भाग सुटलाय आणि तिथे भेग भरण्यात अर्थ नाही, तेवढा तुकडा काढूनच टाकावा लागतो.

रुंदीबद्दल अंदाज हवा म्हणून ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटने केलेली विभागणी सांगतो, आम्ही ती रोज वापरतो. ०.१ मिलिमीटरच्या आतली चीर म्हणजे केसाएवढी, दुर्लक्ष केलं तरी चालतं. १ मिलिमीटरपर्यंत रंगकामात निभावतं. ५ पर्यंत भरून घ्यायची, आणि दारंखिडक्या थोड्या अडकायला लागू शकतात. ५ ते १५ असेल तर वीटकाम उघडून दुरुस्ती. १५ च्या पुढे पाडून नव्याने बांधायची भाषा सुरू होते. पण एकटी रुंदी पुरेशी नाही. वीस वर्षं ३ मिलिमीटरवर थांबलेली भेग मला चालते. वर्षात शून्यावरून १ वर गेलेली मात्र बघावीच लागते.

आता तुमची तिरकी भेग. दारासाठी भिंतीला भोक पाडलं की वरचं वजन त्या भोकाला वळसा घालून खाली उतरतं आणि कोपऱ्याशी गर्दी करतं. भिंत थोडी जरी हलली तरी ती पहिल्यांदा तिथेच फाटते, साधारण पंचेचाळीस अंशात. तुमचं पहिलं काम म्हणजे भेग नेमकी कुठून निघते ते बघणं. ती लिंटेलच्या, म्हणजे दारावर भिंतीचं वजन पेलणाऱ्या आडव्या तुळईच्या, टोकापासून निघत असेल, तर लिंटेल दोन्ही बाजूंना भिंतीवर पुरेसा टेकलेला आहे का ते तपासा. निदान १५० मिलिमीटर टेकण हवं. जुन्या घरांत कधी लिंटेल लाकडाचा असतो. तो आक्रसतो, कुजतो, वाकतो. असं असेल तर भेग वर आणि दुखणं खाली, चौकटीच्या डोक्यावर.

लिंटेल ठीक असेल तर पायाकडे संशय जातो. भेग वर रुंद आणि खाली निमुळती असेल तर भिंतीचं टोक खचतंय. खाली रुंद असेल तर मधला भाग बसतोय. पाया चिकणमातीत असेल तर ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते, आणि भिंत वर्षातून एकदा उचलली आणि खाली ठेवली जाते. भेग खचणाऱ्या बाजूची असेल तर त्या कोपऱ्यापाशी बाहेर काय आहे ते बघून या: पावसाचा पाइप पायाशीच ओततो का, गटार फुटलंय का, भिंतीला लागून मोठं झाड आहे का. पाइपाचं तोंड चार हात लांब नेल्यावर, आतल्या भेगेला हात न लावता ती शांत झालेली मी पाहिली आहे. झाड असेल तर मात्र घाईने तोडू नका. मुळांनी सुकवलेली चिकणमाती झाड गेल्यावर पुन्हा फुगते आणि भिंत उलट्या दिशेने हलायला लागते.

या प्रकारच्या भेगेने सुरुवातीच्या काळात माझी चांगलीच जिरवली. एका घरात अशीच तिरकी भेग, वरच्या टोकाला ३ मिलिमीटर. कोरडा ऋतू होता, भेग पूर्ण उघडलेली. मी ती छिन्नीने मोकळी केली, घट्ट सिमेंटच्या मसाल्याने ठासून भरली आणि खूश होऊन घरी आलो. पाऊस पडून जमीन फुगली तशी भेग मिटायला निघाली, पण मध्ये माझी पाचर. आठ-नऊ महिन्यांनी बोलावणं आलं. जाऊन बघतो तर मी भरलेली पट्टी जशीच्या तशी, आणि तिच्या दोन्ही अंगांचा गिलावा हातभर सुटून लोंबतोय, शेजारी नवी भेग. एकीच्या मी दोन करून ठेवल्या होत्या. घरमालक चांगले होते, चहा देऊन एवढंच म्हणाले, की पट्टी मात्र मजबूत झालीय हो.

तेव्हापासून आकडे हातात आल्यावरच ठरवतो. वर्षभरात ०.१ मिलिमीटरच्या आतबाहेर फरक आला तर तो मोजणाऱ्याच्या हाताचा फरक. भेग थांबली आहे, सरळ भरा. फरक दोन-तीन दशांशांचा आणि मागेपुढे होणारा असेल तर जाळी लावून भरा. त्याहून जास्त मागेपुढे होत असेल तर आधी बाहेरचं पाणी सांभाळा, मग परत मोजा. आणि आकडा एकाच दिशेने वाढत असेल, मागे येतच नसेल, तर काही भरू नका. वही घेऊन स्ट्रक्चरल इंजिनीअरकडे जा. तारखांसकट आकडे हातात दिले तर त्याचं अर्धं काम झालेलं असतं.

जाळीवाली दुरुस्ती कशी करायची ते नीट सांगतो, कारण तुमच्या तिरक्या भेगेला बहुधा तीच लागेल. भेग टोकदार स्क्रेपरने किंवा छोट्या छिन्नीने ६ ते ८ मिलिमीटर रुंद करा. ग्राइंडर टाळा. तो धूळ करतो, कडा गुळगुळीत करतो आणि आत गेलेली वायरची नळी त्याला दिसत नाही. काम सुरू करण्याआधी त्या भिंतीची वीज बंद करा. सगळीकडे इंग्रजी व्हीसारखी खाच करा म्हणून सांगतात. मला ती पटत नाही, कारण तोंडाशी मसाला पातळ होत जातो आणि तीच कड पहिल्यांदा खपली होऊन निघते. खाच आत रुंद आणि तोंडाशी किंचित अरुंद ठेवा, म्हणजे माल अडकून राहतो. भेग जिथे संपते त्याच्या पुढेही वीतभर जा.

दोन्ही बाजूंचा रंग आणि जुनी पुट्टी पाऊण-पाऊण वीत गिलाव्यापर्यंत खरवडा आणि ती पट्टी मिलिमीटर-दीड मिलिमीटर खोल करा. जाळी या खोलगटीत बसली पाहिजे. वर बसली तर रंगानंतर संध्याकाळच्या दिव्यात भिंतीवर पट्टा उठून दिसतो. ब्रशने धूळ झाडा, फुंकून भागत नाही. आदल्या रात्री पाणी शिंपडा आणि भरायच्या आधी पुन्हा एकदा; भिंत ओलसर हवी, पाणी ओघळणारी नको. कोरडी वीट मसाल्यातलं पाणी शोषून घेते आणि भरलेला माल दुसऱ्या दिवशी बोटाने निघतो.

गिलावा सिमेंटचा असेल तर बारीक वाळूचा पॉलिमर मिसळलेला मसाला दोन हातांत, म्हणजे थरांत, भरा, पहिला हात कडक झाल्यावर दुसरा. मग वर फायबरची जाळी, १०० ते १५० मिलिमीटर रुंद. ती अल्कलीला टिकणारीच घ्या, साधी काचतंतूंची जाळी सिमेंटमध्ये काही वर्षांत खाल्ली जाते. जाळी ओल्या थरात पत्र्याने दाबून बसवा, नुसती चिकटवू नका. जाळी भेगेची हालचाल एका रेघेत न ठेवता स्वतःच्या रुंदीभर पट्ट्यात वाटून टाकते, म्हणून पाव मिलिमीटर तिला जमतं. दाराच्या कोपऱ्यावर आणखी एक तुकडा लावा, साधारण २०० बाय ३०० मिलिमीटरचा, भेगेला आडवा म्हणजे काटकोनात. हा तुकडा बहुतेक जण विसरतात आणि भेग पुन्हा सुरू होते ती त्याच कोपऱ्यातून. वरून पातळ हात देऊन कडा फूटभर लांब निमुळत्या करा. सात दिवस पाणी मारा. रंग लगेच नको, सिमेंटच्या मसाल्याला चार आठवडे द्या.

पण साठ वर्षांच्या घरात गिलावा चुन्याचा असण्याची शक्यता आहे, आणि असेल तर वरचा सिमेंटचा मसाला चालणार नाही. ओळखायचं सोपं आहे. आडबाजूला खिळ्याने ओरखडा काढा. चुन्याचा गिलावा सहज कोरला जातो, पिठूळ पांढरट चुरा पडतो, कधी आत केस किंवा तंतू दिसतात. सिमेंटवर करडी रेघ उठते आणि खिळाच झिजतो. चुना मऊ असतो, भिंतीबरोबर थोडा वाकतो आणि ओल आतबाहेर जाऊ देतो. त्यात सिमेंटची कडक पट्टी घातली की ओल तिच्या कडेला तुंबते, तिथेच लोणा (पांढरा क्षार) फुटतो, आणि दोन वर्षांत पट्टी शाबूत राहून आजूबाजूचा चुना गळायला लागतो. तिथे मुरवलेल्या चुन्याचा एक भाग आणि धुतलेल्या, लहानमोठ्या कणांच्या वाळूचे तीन भाग असा मसाला वापरा. एका हाताला १० मिलिमीटरच्या वर जाऊ नका. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश दगड होतो, म्हणून त्याला पंखा, हीटर दाखवायचा नाही. ओलं गोणपाट लटकवून ठेवायचं आणि धीर धरायचा. वरचा रंगही वाफ जाऊ देणारा हवा, चुन्याची सफेदी किंवा सिलिकेट रंग. प्लास्टिकसारखा चकचकीत रंग दिलात तर एवढं केलेलं पाण्यात गेलं.

स्लॅबखालच्या आडव्या रेघेची गोष्ट वेगळी. ती भेग म्हणण्यापेक्षा न दिलेला सांधा आहे. काँक्रीट आणि वीट तापून सारखी वाढत नाहीत, काँक्रीट जवळजवळ दुप्पट वाढतं. चार मीटर लांबीचा स्लॅब वीस अंशांनी तापला तर सुमारे ०.८ मिलिमीटर लांबतो. खालची भिंत सावलीत थंड असते, ती जागची हलत नाही. वरच्या मजल्यावर, थेट उन्हाखालच्या स्लॅबला ही रेघ जवळजवळ ठरलेलीच. ती पुट्टीने बुजवणं म्हणजे दर उन्हाळ्याला रंगाऱ्याला आमंत्रण.

इथे उलटं करायचं: भेग आणखी रुंद करायची. ०.८ मिलिमीटरची हालचाल अर्ध्या मिलिमीटरच्या भेगेत माल दीडशे टक्क्यांहून जास्त ताणते. तीच हालचाल ६ मिलिमीटरच्या खाचेत फक्त १३ टक्के होते आणि ती सोसणारं सीलंट सहज मिळतं. किती ताण सोसतं ते डब्यावर लिहिलेलं असतं, वीस-पंचवीस टक्क्यांचं घ्या. म्हणून पट्टी धरून सरळ ६ मिलिमीटरची खाच कापा, आत फोमची दोरी ढकला आणि वर रंग धरणारं अॅक्रिलिक सीलंट भरा, रुंदीइतकंच किंवा थोडं कमी खोल. दोरी टाळू नका. सीलंट दोन्ही कडांना चिकटलं पाहिजे, तळाला नाही. तीन बाजूंनी पकडलं गेलं की त्याला रबरासारखं ताणता येत नाही आणि ते मधोमध फाटतं. सिलिकॉन आतल्या भिंतीला नको, त्यावर रंग बसत नाही आणि ते काढायला गेलं की रडवतं. खरं सांगायचं तर मी स्वतःच्या घरी खाच तशीच उघडी ठेवली आहे, सरळ आणि स्वच्छ कापलेली. पाहुण्यांना ते डिझाइन वाटतं. झाकायचीच असेल तर लाकडी किंवा जिप्समची पट्टी लावा, पण ती फक्त भिंतीला किंवा फक्त स्लॅबला ठोका. दोन्हीला ठोकलीत तर पट्टीच फाटेल. गच्चीवर ऊन परतवणारा पांढरा रंग दिलात तर हालचाल मुळातच कमी होईल.

जाळीदार बारीक चिरांवर फार शब्द खर्च करत नाही. वरचा थर जास्त सिमेंटचा, जास्त घोटलेला किंवा भराभर वाळलेला असला की अशी नक्षी पडते. ठोकून भरीव वाजत असेल तर पॉलिश पेपर, प्रायमर, पातळ पुट्टीचे दोन हात, रंग. पोकळ वाजलं तर तेवढा गिलावा काढा.

पॉलिश पेपर मारताना एक लक्षात ठेवा. घराच्या वयाच्या रंगांत शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर बंदी आली तीच १९७८ साली, पुष्कळ ठिकाणी त्याच्याही नंतर. कोरडं घासू नका, पाणी लावून घासा, धुळीचा साधा फडका न बांधता बारीक कण अडवणारा मास्क घाला, आणि लहान मुलं किंवा गरोदर बाई घरात असतील तर त्यांना त्या खोलीपासून चार दिवस लांब ठेवा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण जाताजाता स्लॅब, बीम आणि कॉलम यांच्यावर नजर फिरवा. काँक्रीटमध्ये लोखंडी सळईच्या रेषेत सरळ भेग, तिच्याजवळ तपकिरी डाग, खाली पडलेल्या खपल्या, असं काही दिसलं तर तो या सगळ्यात आधीचा विषय आहे. गंजलेलं लोखंड मूळच्या दोन ते सहा पट जागा मागतं आणि आतून काँक्रीट फोडतं. त्यावर पुट्टी, जाळी, सीलंट काहीही लावू नका. झाकलेला गंज आत वाढतच राहतो. तिथे इंजिनीअरला तिरक्या भेगेच्या वहीची वाट न बघता याच आठवड्यात बोलवा.

बाकी तिन्हींपैकी आडवी खाच आणि जाळीदार चिरांचं काम तुम्ही आत्ता हातात घेऊ शकता. दाराच्या कोपऱ्यापाशी मात्र फक्त स्क्रू. दिसायला वाईट दिसतं म्हणून त्यावर कॅलेंडर लटकवायला हरकत नाही, तारीख टिपायची आठवणही राहील.